खाली ठेवता येईल अशी कादंबरी

पत्र : गेले चार महिने मी थॉमस पिकेटी यांचं ‘कॅपिटल इन द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी’ वाचतेय, इंग्रजीतून. अर्थशास्त्र हा माझा विषय नाही, पण संपत्ती थोड्या लोकांकडेच का साठत जाते हे मला मुळापासून समजून घ्यायचंय. रोज रात्री दहा पानं असं ठरवलं होतं. पाचव्या प्रकरणापर्यंत आले आणि अडकले. डोकं शिणतं म्हणून सोबत एखादी कादंबरी घ्यावी असं वाटलं. आधी एक रहस्यकादंबरी घेतली. ती दोन रात्रींत संपली, मग त्याच लेखकाची दुसरी, मग तिसरी, आणि पिकेटी तीन आठवडे तसाच पडून राहिला. मग म्हटलं, विषयाला धरून काही घ्यावं. जमीन आणि गरिबी यांवरची एक जाडजूड कादंबरी आणली, तर दोन्ही पुस्तकं ठप्प. मैत्रीण म्हणते, एका वेळी एकच पुस्तक वाच, नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या. तिचं ऐकू का? आणि नाही ऐकलं तर कादंबरी निवडायची कशी?
— एक वाचक

उत्तर :

मैत्रिणीचं इतक्यात ऐकू नका. एकाच पुस्तकात महिनोन्महिने मुक्काम करणारे वाचक असतात, त्यांनी तसंच वाचावं. पण तुम्ही दिवसभराचं काम आटोपून उरलेल्या तासाभरात वाचता, आणि त्या तासाला दर रात्री पिकेटी पेलेलच असं नाही. न पेलणाऱ्या रात्री दिवा मालवून झोपत गेलात तर पंधरा दिवसांत वाचायला बसण्याची सवयच सुटते, आणि सवय सुटली की सगळ्यात आधी धूळ बसते ती जाड पुस्तकावर. अशा रात्री तुम्हाला वाचनापाशी धरून ठेवणं हे सोबतच्या कादंबरीचं काम. मी ते फार मोलाचं मानते.

यात कमीपणा वाटायचं कारण नाही. चार्ल्स डार्विन यांनी बार्नॅकल नावाच्या चिमुकल्या समुद्री जीवांवर १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं काढली. त्याहून किचकट काम शोधून सापडणार नाही. त्यांच्या दिनक्रमात कादंबरीला ठरलेली जागा होती. ते कोचावर आडवे व्हायचे आणि पत्नी एमा त्यांना कादंबरी वाचून दाखवायच्या. १८७६ साली लिहिलेल्या आत्मचरित्रात ते सांगतात की उतारवयात कवितेची गोडी गेली, शेक्सपिअरही नकोसे झाले, पण कादंबऱ्यांनी मात्र वर्षानुवर्षं विसावा दिला. सगळ्या कादंबरीकारांना ते दुवा देतात. कादंबरी फार वरच्या दर्जाची नसली तरी त्यांना चाले. तिचा शेवट दुःखी नसावा एवढंच त्यांचं मागणं, आणि दुःखी शेवटांविरुद्ध कायदा व्हायला हवा असंही त्यांनी लिहून ठेवलंय. मला या सगळ्यात वाचून दाखवण्याची गोष्ट महत्त्वाची वाटते. एमा थांबल्या की कादंबरी थांबणार. आणखी एक प्रकरण, आणखी एक, असं करत पहाटेपर्यंत जागण्याची सोयच नव्हती.

तुम्हाला ही सोय स्वतःच करावी लागेल, आणि ती निवडतानाच करावी लागते. आपण कादंबरीला सगळ्यात मोठी शाबासकी देतो ती ‘हातात घेतली की खाली ठेववत नाही’ अशी. तुम्हाला सध्या हवी आहे खाली ठेवता येणारी. रात्री मिटली, मध्ये चार दिवस गेले, पाचव्या दिवशी उघडली तर ओळखीच्या माणसासारखी तिथेच भेटली, अशी.

तुमचे दोन्ही प्रयत्न का फसले तेही यातून दिसतं. पाचव्या प्रकरणातलं गणित सुटं पाहिलं तर सोपं आहे. एखादा देश दरवर्षी उत्पन्नाच्या १२ टक्के बचत करत असेल आणि त्याचं उत्पन्न वर्षाला २ टक्क्यांनी वाढत असेल, तर दीर्घकाळात त्याची संपत्ती सहा वर्षांच्या उत्पन्नाइतकी होते. बाराला दोनने भागलं, झालं. पण त्या भागाकारात जीव येण्यासाठी पहिल्या प्रकरणातली भांडवलाची व्याख्या आठवावी लागते, ज्यात जमीन, घरं, शेअर सगळंच आलं. दुसऱ्या प्रकरणात लोकसंख्येची वाढ आणि दरडोई उत्पन्नाची वाढ वेगळी केली होती, ते आठवावं लागतं. तिसऱ्या-चौथ्यातले ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, अमेरिकेचे आलेख डोळ्यांसमोर ठेवावे लागतात. हे सगळं एकाच वेळी जागं असलं तरच पान पुढे सरकतं.

रहस्यकथाही नेमकं हेच मागते. किल्ली कोणाकडे होती, पत्रावर तारीख कुठली होती, बागेच्या बाजूचं दार कोणी उघडलं, सगळे धागे हातात धरून ठेवा. म्हणजे दोन्ही पुस्तकांना तुमच्या डोक्यातली एकच फळी हवी असते. त्यात रहस्यकथा दर वीस पानांना काहीतरी हाती देते, आणि पिकेटींच्या पुस्तकात त्यासाठी दोनशे पानं थांबावं लागतं. दमलेल्या माणसाने कुठलं उचलावं? तुम्ही उचललंत तेच. तुमचा निश्चय कच्चा होता असं मुळीच समजू नका.

विषयाला धरून घेतलेल्या कादंबरीची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मी स्वतः अनुभवली आहे. मी एकदा त्र्यं. शं. शेजवलकर यांचं ‘पानिपत : १७६१’ वाचत होते. पत्रं आणि पुरावे तपासत जाणारं, वाचकाकडूनही तेवढीच चिकाटी मागणारं पुस्तक. सोबतीला विश्वास पाटील यांची १९८८ साली आलेली ‘पानिपत’ ही कादंबरी ठेवली. विषय एक, एकाने दुसरं सोपं होईल असा हिशेब. महिन्याभराने चारचौघांत बोलताना मी एक संवाद इतिहास म्हणून ठासून सांगितला. घरी येऊन शेजवलकरांच्या पानांत तो शोधायला बसले. रात्री उशिरापर्यंत शोधला. तो तिथे नव्हताच. तो कादंबरीतला होता, आणि कादंबरीकाराने आपलं काम चोख केल्यामुळेच माझ्या मनात इतका घट्ट बसला होता. रंगलेला प्रसंग लक्षात राहतो, तळटीप राहत नाही. दोन्ही एकाच विषयाची असली तर मन त्यांना वेगळं ठेवायचे कष्ट घेत नाही. तेव्हापासून एकाच विषयावरची कादंबरी आणि अभ्यासाचं पुस्तक मी एकाच महिन्यात वाचत नाही. अभ्यासाचं आधी संपवते, मग कादंबरी हवी तेवढी रंगू देते.

मग कशी निवडायची? पहिली गोष्ट भाषा, आणि ती आपण वाचक हटकून विसरतो. तुमचा निम्मा शीण अर्थशास्त्राचा असेल, तर उरलेला इंग्रजीचा आहे. इंग्रजी चांगलं येत असलं तरी रोज दहा पानं अवघड इंग्रजी गद्य वाचलं की मन सतत थोडं उंबरठ्यावर उभं राहिल्यासारखं असतं. त्यामुळे सोबतची कादंबरी मराठीच घ्या, आणि जिच्यातलं मराठी बोललेलं वाटतं अशी घ्या. पहिल्या पानावरच खांदे सैल होतात की नाही ते बघा.

दुसरी गोष्ट आवाज. एकच माणूस आपली गोष्ट सांगतोय अशी कादंबरी चार दिवसांनी उघडली तरी अडत नाही. कोणाचा कोण, हे आठवावं लागत नाही. आवाज ओळखला की पुरे, बाकीचं तो आवाजच सांभाळतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जवळची आहे : क्रमशः छापल्या गेलेल्या जुन्या कादंबऱ्या. त्या खाली ठेवण्यासाठीच लिहिल्या होत्या. वाचकाच्या हाती एक हप्ता पडायचा आणि पुढचा येईपर्यंत थांबण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. चार्ल्स डिकन्स यांची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ १८४९–५०मध्ये दर महिन्याला बत्तीस पानांच्या अंकांतून निघाली. महिनाभराच्या खंडानंतर वाचकाला पात्र ओळखू यायला हवं, तर काय करायचं? युराया हीप आला की आधी त्याचे दमट हात एकमेकांवर चोळले जातात आणि मग तो आपण किती नम्र, किती लहान माणूस आहोत ते सांगायला लागतो. असा माणूस महिन्याने काय, वर्षाने भेटला तरी ओळखू येईल. सलग वाचणाऱ्याला ही पुनरुक्ती कधी जड वाटते. तुमच्यासारखं थांबत थांबत वाचणाऱ्याला तीच खूण उपयोगी पडते.

मराठीत हे सगळं एका ठिकाणी हवं असेल तर हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ घ्या. आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून ही कादंबरी हप्त्याहप्त्याने वाचकांसमोर आली. सांगणारी एकटी यमू. तिचं बालपण, माहेर, सासर, घरातल्या माणसांचे स्वभाव, सगळं तिच्याच तोंडून. ती घाईने काही सांगत नाही. एखाद्या दिवसाची हकीगत सांगताना मध्येच थांबते, आपल्याशी बोलते, पुन्हा वळणावर येते. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचं मराठी आहे, पहिली दहा-पंधरा पानं कानाला थोडी वेगळी लागतील. मग ते वळण ओळखीचं होतं आणि तुम्ही कधीही या, यमू बोलतच असते. एक सांगून ठेवते : डार्विन यांची अट ही कादंबरी पाळत नाही. शेवटाकडची प्रकरणं येतील तेव्हा आठवडाभर पिकेटी बाजूला ठेवायची तयारी ठेवा.

शोकांत काही नकोच असेल तर पूर्वी वाचलेली, आवडलेली कादंबरी पुन्हा काढा. हा मार्ग लोकांना वेळ घालवण्यासारखा वाटतो. माझ्या अनुभवात अवघड पुस्तकाला याहून चांगली जोड नाही. डार्विन यांचं १८५९चं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ मी वाचलं ते व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’च्या दुसऱ्या वाचनासोबत. ‘ओरिजिन’मध्ये आकृती एकच, चौथ्या प्रकरणातली. खाली ए ते एल अशी अक्षरं, एकेका जीवजातीचं एकेक, त्यातून वर जाणाऱ्या तुटक रेषा, काही पसरत फांद्या फुटलेल्या, बऱ्याच मध्येच संपलेल्या, आणि आडव्या ओळींना रोमन आकडे. प्रत्येक ओळ म्हणजे हजार पिढ्या. त्या पानावर मी सहा-सात रात्री होते. ए या अक्षरावर बोट ठेवायचं, रेषेबरोबर वर जायचं, मजकुरात त्या टप्प्याबद्दल काय म्हटलंय ते शोधायचं, परत खाली यायचं. बोट उचललं की सगळं पुसलं जाई. मग ‘बनगरवाडी’ उघडायची. तो तरुण मास्तर, ती धनगरवस्ती, तो कारभारी, सगळे माहितीचे. पुढे काय होणार हे ठाऊक असल्यामुळे धावायचं नव्हतं. एक प्रसंग वाचायचा, तो तिथेच पुरा व्हायचा, पुस्तक मिटायचं. पहिल्या वाचनात मी गोष्टीमागे पळाले होते; दुसऱ्यात माडगूळकर किती कमी शब्दांत माणूस उभा करतात ते दिसलं. म्हणजे हलकं म्हणून घेतलेलं पुस्तकही नव्याने वाचून झालं.

आता काही चांगल्या कादंबऱ्या, ज्या सोबतीला घेऊ नयेत. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ची, बारीक चणीची, त्यामुळे मोह होतो. ती एका बैठकीत वाचायची कादंबरी आहे. जहाज पुढे जातंय, युद्ध जवळ येतंय, मध्येच उतरता येत नाही. तुकडे केलेत तर तिच्यावर अन्याय होईल. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चं उलट. ती कुठेही उघडता येते, आवाज एकच, मधला एक मोठा भाग तर डायरीच आहे. पण पांडुरंग सांगवीकरचा सूर अंगाला चिकटतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही पिकेटींचे आलेखही ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ लावूनच वाचाल. तिला तिचा स्वतंत्र महिना द्या.

ही नावं सोडून दुसरं काही हाती लागलं तर साधी परीक्षा करा. पुस्तक मध्यावर कुठेही उघडा आणि दोन पानं वाचा. ‘हे सगळे कोण, आधी काय झालं’ असं वाटून तुम्ही मागे चाळू लागलात, तर सध्या नको. ती दोन पानंच काहीतरी देऊन गेली, एखादा माणूस दिसला, एखादं वाक्य परत वाचावंसं वाटलं, तर घ्या.

क्रमाबद्दल थोडंसं. आधी पिकेटी, मग कादंबरी. दहा पानांचा नियम मोडा. चार पानं झाली तरी थांबा, पण मिटण्याआधी समासात पेन्सिलीने एक ओळ लिहा, आपल्या शब्दांत, आज काय समजलं याची. ‘वाढ मंदावली की जुनी संपत्ती मोठी दिसू लागते’, एवढीसुद्धा चालेल. दुसऱ्या रात्री आधी ती ओळ वाचायची. ज्या दिवशी पिकेटी अजिबात नको वाटेल त्या दिवशी मागच्या सगळ्या ओळी वाचून थेट यमूकडे जा. कादंबरी प्रसंग संपेल तिथे ठेवा, उत्सुकतेच्या टोकावर ठेवू नका. आणि कादंबरी संपायला चार महिने लागले तर लागू द्यात.

विषयाला धरून कादंबरी नको असं मी म्हटलं खरं, पण या पुस्तकापुरता एक अपवाद आहे आणि तो पिकेटींनीच करून ठेवलाय. सातव्या प्रकरणात ते ऑनोरे द बाल्झाक यांची ‘पेर गोरियो’ तुमच्यासमोर आणतात. ही कादंबरीही १८३४–३५मध्ये क्रमशः छापली गेली. कथा १८१९मधल्या पॅरिसची. रास्तिन्याक हा वकिली शिकायला आलेला गरीब घरचा मुलगा, आणि त्याला जगाची रीत शिकवणारा वोत्रँ. वोत्रँ त्याला हिशेब मांडून दाखवतो : घासून अभ्यास कर, तिशीत न्यायाधीश हो, मिळतील वर्षाला १,२०० फ्रँक. वकिलीतच नाव काढायचं म्हणतोस तर पन्नाशीला वर्षाकाठी ५०,००० मिळवणारे पाच वकील मला पॅरिसमध्ये दाखव. त्यापेक्षा आपण राहतो त्याच खानावळीतल्या व्हिक्टोरीनशी लग्न कर. तिच्या वाट्याला दहा लाख येतील, म्हणजे ५ टक्क्यांनी तेवढेच ५०,००० आत्ताच, काही न करता. त्यासाठी तिच्या भावाचा काटा काढावा लागेल, आणि ते वोत्रँ बघून घेईल. कष्ट की वारसा, हा पिकेटींचा अख्खा प्रश्न त्या एका भाषणात आहे.

इथे माझ्या पानिपतासारखी गल्लत होण्याची भीती नाही, कारण कुठला आकडा कादंबरीतला आणि कुठला नोंदींमधला हे पिकेटी स्वतः वेगळं करून दाखवतात. वोत्रँचे आकडे त्या काळच्या वाचकाला नेमके कसे कळत हेही त्यांनी दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी सांगितलंय : पहिल्या महायुद्धापर्यंत पैशाची किंमत इतकी स्थिर होती की कादंबरीकार बेधडक रकमा लिहीत, आणि महागाईचा काळ आला तशा त्या रकमा कादंबऱ्यांतून नाहीशा झाल्या. ती पानं तुम्ही वाचून पुढे आला आहात. सातव्याआधी एकदा परत काढा.

‘पेर गोरियो’ची सुरुवात मंद आहे. त्या खानावळीच्या भिंती, भांडी, वास यांचं वर्णन पानंच्या पानं चालतं आणि बरेच वाचक तिथूनच परत फिरतात. तुम्ही फिरू नका. वोत्रँ त्याच टेबलाशी जेवतोय. त्याचं भाषण येईल त्या रात्री मात्र दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडी ठेवा, आणि समासात नेहमीच्या ओळीऐवजी त्याचे आकडे एकाखाली एक लिहा. त्यानंतर बाल्झाक तुम्हाला खाली ठेवता येणार नाहीत. त्या आठवड्यात पिकेटी थांबले तरी चालेल.